ज्याला झळ बसते, त्यानं आधी बोलावं

मी विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवते. नीतिशास्त्राचा पेपर बरीच वर्षं माझ्याकडे आहे, आणि त्याच्याच जोडीनं विभागातर्फे होणाऱ्या जाहीर चर्चांचं संयोजनही माझ्याकडे आलं. दयामरण, अवयवदान, सरोगसी, गटारसफाई, कृत्रिम बुद्धिमत्ता असे आजचे नैतिक प्रश्न निवडायचे, आणि गावातल्या कुणालाही येऊन बसता येईल, बोलता येईल अशी चर्चा ठेवायची, असं या कामाचं स्वरूप. विषय ठरवण्यापासून सभागृहाच्या किल्ल्या परत करण्यापर्यंत सगळं त्यात आलं. हे काम करताना मी नीतिशास्त्राबद्दल जे शिकले, ते वर्गात शिकवताना मला सापडलं नव्हतं.

हे काम माझ्याकडे आलं तेव्हा अशा कार्यक्रमांची एक ठरलेली रीत होती. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, मग तासाभराचं व्याख्यान, अध्यक्षीय समारोप आणि आभार. श्रोत्यांच्या प्रश्नांसाठी शेवटची दहा मिनिटं. व्याख्यानं चांगली असायची, वक्ते तयारीचे असायचे. पण ज्या माणसांच्या जगण्यामरण्याबद्दल दोन तास बोलणं झालं, त्यांच्यापैकी कुणीच व्यासपीठावर नसायचं. रुग्णांच्या हक्कांवर बोलताना रुग्ण नाही, सफाई कामगारांवर बोलताना सफाई कामगार नाही. यातून माझं एक मत पक्कं होत गेलं. नैतिक प्रश्नांवरची चर्चा घडवणं हेच मुळात एक नैतिक काम आहे. कोण बोलणार, कोण आधी बोलणार, कुणाला किती वेळ आणि कोणत्या भाषेत, हे ठरवतानाच कुणाचं म्हणणं महत्त्वाचं हे आपण ठरवून टाकलेलं असतं.

म्हणून आम्ही रीत बदलली. दीपप्रज्वलन आणि सत्कार काढून टाकले. पहिलं बोलणं त्या प्रश्नाची थेट झळ बसलेल्या माणसाचं, त्यानंतर वकील, डॉक्टर, प्राध्यापक. दारातच प्रत्येकाच्या हाती एक पानाचं मराठी टिपण द्यायचं. त्यात कायदा काय म्हणतो, न्यायालयानं कधी काय ठरवलं, एवढंच, मतं नाहीत. लोकांचा बराचसा वाद वस्तुस्थिती माहीत नसल्यामुळे होतो, आणि ती आधीच हातात असली की खऱ्या मतभेदाला वेळ मिळतो.

या रीतीनं झालेली आयुष्याच्या अखेरीवरची चर्चा मला सगळ्यात जास्त शिकवून गेली. महाराष्ट्रात हा विषय काढला की अरुणा शानबाग यांचं नाव येतंच. परळच्या केईएम रुग्णालयातल्या या परिचारिकेवर 27 नोव्हेंबर 1973 रोजी तिथल्याच एका कर्मचाऱ्यानं हल्ला केला. मेंदूला झालेली इजा कायमची होती. त्यानंतर 18 मे 2015 रोजी न्यूमोनियानं मृत्यू येईपर्यंत त्या त्याच रुग्णालयात होत्या. लेखिका-पत्रकार पिंकी विराणी यांनी त्यांचं अन्न थांबवून त्यांना मरू द्यावं, अशी याचिका केली. सर्वोच्च न्यायालयानं 7 मार्च 2011 रोजी ती फेटाळली आणि अरुणाच्या वतीनं बोलण्याचा अधिकार तिची वर्षानुवर्षं सेवा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे, असं म्हटलं. मात्र त्याच निकालानं, उच्च न्यायालयाच्या परवानगीनं उपचार थांबवण्याची वाट काही प्रसंगांसाठी मोकळी केली. पुढे 9 मार्च 2018 रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं सन्मानानं मरण येणं हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग मानला आणि लिव्हिंग विलला, म्हणजे आपल्या उपचारांबद्दल आधीच करून ठेवलेल्या इच्छापत्राला, मान्यता दिली.

मी हे प्रकरण वर्गात शिकवते तेव्हा स्वायत्तता, जीवनाचं पावित्र्य, कृती आणि अकृती यांतला फरक, असे मुद्दे फळ्यावर येतात. त्या चर्चेत मात्र आम्ही सुरुवातीला एका निवृत्त परिचारिकेला बोलावलं. त्या महापालिकेच्या एका रुग्णालयात आयुष्यभर वॉर्डात काम केलेल्या. केईएमशी त्यांचा संबंध नव्हता, पण वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेले रुग्ण त्यांनी सांभाळले होते. भाषण करायला त्या तयार नव्हत्या. ‘मी दाखवते, चालेल का?’ असं त्यांनी विचारलं. टेबलावर चादर घालायला लावली, एका विद्यार्थ्याला त्यावर झोपवलं आणि अंग सैल सोडायला सांगितलं. मग दुसऱ्या मुलीला समोर उभं केलं. चादरीची कड दोन्ही हातांनी गुंडाळत रुग्णाच्या अंगापर्यंत आणायची, एकाच वेळी ओढून कुशीवर वळवायचं, पाठीला उशी लावायची, दोन गुडघ्यांच्या मध्ये दुसरी उशी ठेवायची, घोटा घोट्यावर घासत नाही ना ते पाहायचं, पाठ कोरडी करायची, माकडहाडावरची कातडी लाल दिसते का ते बोटानं दाबून बघायचं. ‘हे दर दोन तासांनी. रात्रीसुद्धा,’ त्या म्हणाल्या. ‘एक पाळी चुकली तर दोन दिवसांत जखम दिसते.’

सभागृहात पेन खाली ठेवल्याचा आवाजही येत नव्हता. अरुणा शानबाग यांना इतक्या वर्षांत पाठीला जखम झाली नव्हती, ही गोष्ट न्यायालयीन नोंदींत आहे. मी ती कितीदा वाचली होती. त्या दिवशी तिच्यामागचे हात दिसले. केईएमच्या परिचारिकांनी याचिकेला केलेला विरोध हा केवळ भावनेचा प्रश्न होता असं म्हणणाऱ्यांना त्या टेबलापाशी उभं राहून तसं म्हणणं जड गेलं असतं. सेवा करणाऱ्याला रुग्णाबद्दल काही कळतं आणि ते ज्ञान आहे, हा मुद्दा कुठल्याही व्याख्यानापेक्षा तिथे नीट पोचला.

पण त्याच सिस्टरांनी शेवटी जे सांगितलं त्यानं चर्चा दुसऱ्या अंगाला वळली. त्या म्हणाल्या, की स्वतःसाठी मात्र त्यांनी इच्छापत्र करायचं ठरवलं आहे. ‘दुसऱ्याचं मी आनंदानं केलं. माझं कुणी असं करत राहावं, असं मला वाटत नाही.’ यात विसंगती आहे का, यावर विद्यार्थी बराच वेळ भांडले. माझं मत विचाराल तर यात विसंगती नाही. आपण दुसऱ्याचं काय देणं लागतो आणि दुसऱ्यांकडून काय मागतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि प्रामाणिक माणसाची त्यांची उत्तरं वेगळी असू शकतात.

त्यानंतर वकिलांनी इच्छापत्राची पद्धत समजावली. 2018 च्या निकालात त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागत होती, त्यामुळे सामान्य माणसाला ते जवळपास अशक्य होतं. 24 जानेवारी 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयानं ही अट सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. उपचार थांबवायचे की नाहीत हे रुग्णालयातली डॉक्टरांची दोन मंडळं एकापाठोपाठ एक तपासतात, आणि प्रत्येकानं शक्यतो 48 तासांत मत द्यावं अशी अपेक्षा आहे. लोक भराभर लिहून घेत होते. कित्येक ज्येष्ठांना हे पहिल्यांदाच कळत होतं.

मग चिठ्ठ्या वाचायची वेळ आली. आमच्याकडे प्रश्न तोंडी विचारता येतात आणि नाव न घालता चिठ्ठीवरही लिहिता येतात. एका चिठ्ठीवर साध्या अक्षरांत लिहिलं होतं, की आयसीयूचं रोजचं बिल परवडेना म्हणून आम्ही वडिलांना सही करून घरी आणलं, ते दुसऱ्या दिवशी गेले, तर हे कशात बसतं? डॉक्टर थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी सांगितलं, की आपल्याकडे उपचार थांबण्याची ही वाट फार लोकांच्या वाट्याला येते, आणि कायद्याच्या दोन मंडळांपर्यंत ती कधी पोचतच नाही. तिथे रुग्णाची इच्छा कुणी विचारलेली नसते, शेत किंवा दागिने गहाण पडलेले असतात, आणि मुलगा पुढे आयुष्यभर स्वतःला दोष देत राहतो.

त्या चिठ्ठीनंतर ‘स्वायत्तता’ या मुद्द्याला पैशाची बाजू जोडल्याशिवाय तो शिकवणं मला जमलेलं नाही. ज्याच्यापुढे पर्यायच नाही त्याला निवडीचा हक्क देऊन भागत नाही. मरणाच्या हक्काबरोबर वेदना कमी होण्याचा हक्क यायला हवा. केरळनं 2008 मध्ये उपशामक सेवेचं स्वतंत्र धोरण केलं आणि घरोघरी जाणाऱ्या परिचारिका व स्वयंसेवकांचं जाळं उभं राहिलं. 2014 मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन वेदनाशमनासाठी मॉर्फिन मिळवणं सोपं झालं. तरी आपल्या तालुक्याच्या गावात शेवटच्या आजारातल्या माणसाला ते मिळेल याची खात्री आज कुणी देऊ शकत नाही. दयामरणाच्या चर्चेचा शेवट त्या संध्याकाळी उपशामक सेवेच्या मागणीवर झाला, आणि तो मला योग्य वाटला.

दुसरी चर्चा गटारसफाईवर होती. हातानं मैला साफ करण्यास 1993 च्या कायद्यानं बंदी आली, 2013 च्या कायद्यानं ती अधिक कडक झाली आणि सुरक्षा साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणं हा गुन्हा ठरला. 27 मार्च 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयानं 1993 पासूनच्या अशा प्रत्येक मृत्यूसाठी कुटुंबाला 10 लाख रुपये देण्याचा आदेश दिला, आणि ऑक्टोबर 2023 मध्ये ही रक्कम 30 लाख केली. हे सगळं टिपणात होतं. पहिले वक्ते होते ड्रेनेजच्या कामात वय काढलेले एक कंत्राटी कामगार. त्यांना सगळे ‘मामा’ म्हणत, आम्हीही तेच म्हणू लागलो.

मामांनी चेंबर उघडण्यापासून सुरुवात केली. झाकण काढल्यावर लगेच वाकायचं नाही. शेजारची दोन झाकणंही उघडून वारा खेळू द्यायचा. सडक्या अंड्यासारखा वास आला तर गॅस आहे. ‘पण वास यायचा एकदम थांबला तर जास्त भ्यायचं,’ ते म्हणाले. रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी उभं राहून याला दुजोरा दिला. हायड्रोजन सल्फाइडचं प्रमाण फार वाढलं की तो आधी वास घेण्याची शक्तीच बधिर करतो, आणि माणसाला वाटतं की धोका टळला. एक जण पडला की दुसरा त्याला काढायला उतरतो आणि तोही पडतो. बातम्यांत एकाच टाकीत दोघं-तिघं गेल्याचं आपण वाचतो, त्याचं कारण हे आहे. मुकादम ‘उतर’ म्हणतो तेव्हा नाही म्हणता येतं का, असं एका मुलीनं विचारलं. मामांनी सांगितलं, की नाही म्हणता येतं, फक्त दुसऱ्या दिवशी हजेरीवर नाव नसतं.

त्यांनी पुढे आम्हालाच प्रश्न केला. ‘तुमच्या वसतिगृहाची गटारं कोण काढतं?’ सभागृहात कुणालाच माहीत नव्हतं, मलाही नाही. याच प्रश्नातून पुढचं काम निघालं. काही विद्यार्थ्यांनी माहितीच्या अधिकाराखाली आवारातल्या सफाईच्या कंत्राटाची प्रत मागितली. कंत्राटात हातमोजे, गमबूट आणि मास्क यांची तरतूद होती. झाडू मारणाऱ्या आणि संडास धुणाऱ्या बायकांना विचारलं, तर त्यांनी ती साधनं पाहिलीच नव्हती. विद्यार्थ्यांनी दोन्ही गोष्टी एकाच पानावर शेजारी शेजारी मांडून ते पान कुलसचिवांकडे दिलं. काही महिन्यांनी मोजे आणि बूट आले. भविष्यनिर्वाह निधीच्या कपातीचा हिशेब मात्र त्या बायकांना अजून नीट मिळालेला नाही आणि तो पाठपुरावा चालू आहे. चर्चेनं सगळं बदलतं असा माझा दावा नाही. पण चर्चा झाली नसती तर त्या कंत्राटाची प्रत कुणी मागितली नसती, हे नक्की.

मामांच्या मानधनाचा प्रसंगही सांगायला हवा. पाहुण्या वक्त्याला विद्यापीठ मानधन देतं, त्याचा एक छापील फॉर्म असतो. त्यात ‘शैक्षणिक पात्रता’ आणि ‘पदनाम’ असे रकाने आहेत. लेखा विभागातून फाइल परत आली, कारण ते दोन्ही रिकामे होते. मी पात्रतेच्या रकान्यात ‘या विषयाचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव’ असं लिहिलं, विभागप्रमुखांची शिफारस जोडली आणि फाइल पुन्हा वर पाठवली. प्राध्यापक वक्त्याइतकीच रक्कम मंजूर व्हायला वेळ लागला, पण झाली. ज्याचा दिवसाचा रोज बुडतो त्याला आभार आणि पुष्पगुच्छ देऊन परत पाठवणं, आणि ज्याचा पगार चालूच आहे त्याला मानधन देणं, ही रीत न्यायाची नाही. नीतिशास्त्राच्या विभागानं तरी ती पाळू नये.

अशा कार्यक्रमांवर एक आक्षेप नेहमी येतो, की विषय वादग्रस्त आहे, तेव्हा शीर्षक सौम्य करा, नाहीतर पुढे ढकला. मला तो वरिष्ठांकडूनही ऐकावा लागला आहे. त्याला उत्तर देताना मी आपल्याच इतिहासाकडे बोट दाखवते. न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात 1875 मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्यावरून महाराष्ट्रात घरोघरी आणि सभांमधून कडाक्याचे वाद झाले. त्याच्या आधी, अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला जाण्यास नकार दिला आणि मुंबई उच्च न्यायालयात खटला उभा राहिला. 1887 मध्ये न्यायालयानं नवऱ्याकडे जा किंवा तुरुंगात जा असं सांगितलं, तेव्हा त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. त्याआधीच त्यांनी ‘एक हिंदू स्त्री’ या सहीनं इंग्रजी वृत्तपत्रात बालविवाहावर पत्रं लिहिली होती. पुढे त्या इंग्लंडमध्ये डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोट इथे त्यांनी रुग्णसेवा केली. त्या काळात बायकांच्या जगण्याविषयी पुरुषांनी पुष्कळ लिहिलं आणि भाषणं केली. पण प्रश्न ज्या टोकाला गेला, तो रखमाबाई स्वतः बोलल्यामुळे. वादग्रस्त विषय टाळून या समाजात कुठलीच सुधारणा झालेली नाही.

मोकळं बोलणं आणि बेताल बोलणं यांत फरक आहे, तोही सांभाळावा लागतो. आमचे नियम साधे आहेत. श्रोत्यानं दोन मिनिटांत बोलणं संपवायचं. समोरच्याचं म्हणणं त्याला मान्य होईल अशा शब्दांत आधी सांगायचं, मग विरोध करायचा. कुणाच्या जातीचा, धर्माचा किंवा आजाराचा उल्लेख त्याला गप्प करण्यासाठी करायचा नाही. अवयवदानाच्या चर्चेत या नियमांची कसोटी लागली. जिवंत दात्यांमध्ये आपल्या देशात बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा खूप जास्त आहे. आई मुलाला, बायको नवऱ्याला मूत्रपिंड देते, उलट फार कमी घडतं. एका गृहस्थांना हा घरांवरचा आरोप वाटला आणि आवाज चढले. त्यांच्याच शेजारी बसलेल्या, नवऱ्याला मूत्रपिंड दिलेल्या बाई उठल्या. त्या म्हणाल्या, की मी ते प्रेमानं दिलं, कुणी जबरदस्ती केली नाही, पण तुम्ही द्याल का असं नवऱ्याच्या भावांना कुणी विचारलंही नाही. या एका वाक्यात प्रेम आणि अन्याय दोन्ही होते, आणि कुणालाही अपमान वाटला नाही. 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यातली, दात्याची संमती स्वेच्छेची आहे की नाही हे तपासण्याची तरतूद मी आता त्यांच्या या वाक्यासह शिकवते.

विद्यार्थ्यांमध्ये मला यातून काय दिसलं, तेही सांगते. वर्गात नीतिशास्त्राचं उत्तर लिहिताना ते ‘एकीकडे आणि दुसरीकडे’ अशी वाक्यं सहज लिहितात. या चर्चांचं संयोजन करणारी मुलं तसं लिहिणं कमी करतात. टिपण तयार करताना न्यायालयाचा निकाल मुळातून वाचावा लागतो, वक्त्याच्या घरी जाऊन बसावं लागतं, आपलं वाक्य त्या माणसासमोर उच्चारता येईल का हे पाहावं लागतं. कृत्रिम बुद्धिमत्ता आणि परीक्षा या विषयावरची चर्चा तर त्यांनी सगळी स्वतःच घडवली, कारण तिथे झळ त्यांनाच बसते. प्रकल्प यंत्राकडून लिहून घेणारे आणि न घेणारे, दोन्ही प्रकारचे विद्यार्थी नाव न लपवता बोलले. शिक्षकांनी प्रकल्प न वाचताच गुण देणं हेही त्याच प्रश्नात येतं, हे त्यांनी आम्हा शिक्षकांसमोर सांगितलं, आणि ते खरं आहे.

महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत दर वर्षी मूल्यशिक्षणावर परिसंवाद होतात, त्यासाठी निधीही मिळतो. त्या संयोजकांना माझी विनंती आहे. पुढच्या वेळी विषय आपल्या आवारातून किंवा आपल्या गावातून घ्या. ज्याला त्या प्रश्नाची झळ बसते त्याला पहिल्यांदा बोलू द्या, त्याच्या भाषेत बोलू द्या आणि इतर वक्त्यांइतकंच मानधन द्या. कायदा आणि वस्तुस्थिती एका पानावर मराठीत छापून प्रत्येकाच्या हातात द्या. आणि कार्यक्रम संपल्यावर त्यातून निघालेलं एक काम लिहून काढून ते कुणी, कधीपर्यंत करायचं ते ठरवा. एवढं केलं तर आपलं विद्यापीठ गावाच्या उपयोगी पडेल.